उचकीपासून सुरुवात : मुलांना जीवसृष्टीची आणि शरीराची ओळख पुस्तकांतून करून देताना

पाच वर्षांच्या भाचीला जेवताना उचकी लागली. आजी सवयीने म्हणाली, "कोणीतरी आठवण काढतंय गं." भाचीने दोन घोट पाणी प्यायलं, उचकी थांबली आणि तिने विचारलं, "मी पाणी प्यायले हे त्यांना कसं कळलं?"

शरीराविषयीचं एक चित्रांचं पुस्तक तेव्हा घरात दोन महिने पडून होतं. मी ते तिला दोनदा वाचून दाखवायला बसले होते आणि दोन्ही वेळा ती तिसऱ्या पानावर उठून गेली होती. त्या रात्री मात्र मी थेट फुफ्फुसांचं पान उघडलं. फुफ्फुसांच्या खाली छत्रीसारखा ताणलेला श्वासपटलाचा स्नायू दाखवला. तो अचानक आखडला की हवा झटकन आत ओढली जाते, लगेच घशातल्या स्वरतंतूंचं दार बंद होतं आणि 'हिक्' असा आवाज येतो, एवढंच सांगितलं. पोटातल्या बाळालाही उचक्या लागतात हे ऐकल्यावर तिने ते पान स्वतःहून तीनदा उघडलं.

पुस्तक तेच होतं, मूलही तेच होतं. फरक इतकाच की या वेळी प्रश्न आधी आला होता. तीन ते बारा वर्षांच्या मुलांबरोबर ज्यांना हे काम पहिल्यांदाच करायचं आहे, त्या आई-बाबांसाठी, आजी-आजोबांसाठी, मावशी-काकांसाठी हा लेख आहे. विज्ञानाची पदवी लागत नाही. रोजची वीस मिनिटं लागतात आणि "मला माहीत नाही, आपण बघू" हे म्हणायची तयारी लागते.

पहिली पायरी : आठवडाभर फक्त प्रश्न टिपा

दुकानात जायची घाई करू नका. एक वही घ्या आणि मूल जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहा. "पाल भिंतीवरून पडत कशी नाही?" "खपली खाजते का?" "झाड रात्री झोपतं का?" "भूक लागल्यावर पोटात कावळे ओरडतात म्हणजे काय ओरडतं?" सात दिवसांत दहा-बारा प्रश्न सहज जमतात. त्यातून तुमच्या मुलाचा कल दिसतो. काहींना फक्त प्राणी हवे असतात, काहींना रक्त आणि हाडं, तर काहींना मातीत हात घालायचा असतो. पहिलं पुस्तक त्या बाजूचं घ्या. तुम्हाला आवडलेलं पुस्तक दुसऱ्या खेपेला घ्या.

दुसरी पायरी : सुरुवातीला तीनच पुस्तकं

एक गोष्टीचं : जवळपास दिसणाऱ्या एखाद्या जिवाचं, भरपूर चित्रांचं. दुसरं शरीराचं : ज्यात अवयव कुठे बसतो हे अख्ख्या माणसाच्या चित्रात दाखवलं आहे असं. तिसरं शोधून बघायचं : परिसरातल्या पक्ष्यांची, फुलपाखरांची किंवा झाडांची ओळख करून देणारं. ते मुलाने पहिल्या पानापासून वाचायचं नसतं, खिडकीजवळ ठेवायचं असतं.

खर्चाची चिंता असेल तर आधी फुकटच्या वाटा बघा. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं वाचनाच्या पातळीनुसार लावलेली आहेत आणि ती मोफत उतरवून घेता येतात. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी तर हा मोठाच आधार आहे. खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर विज्ञानाची पुस्तकं मराठीतही आहेत, शिवाय टाकाऊ वस्तूंतून करायचे प्रयोग आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मिळतात. तिसरी ते पाचवीचा 'परिसर अभ्यास' शाळेच्या दडपणाबाहेर नुसता चाळायला घेतला तर मुलं वेगळ्या डोळ्यांनी बघतात. १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही बालभारतीने संकेतस्थळावर ठेवले आहेत. विकत घ्यायची असतील तर नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला परवडते. आणि मोठ्यांनी स्वतःची शंका फेडायला मराठी विश्वकोश जवळ ठेवावा. तोही आता ऑनलाइन मोफत वाचता येतो.

तिसरी पायरी : दुकानातच पाच मिनिटं पारख करा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त आग्रही आहे. गुळगुळीत कागद आणि चकचकीत मुखपृष्ठ असूनही आतला मजकूर चुकलेला असू शकतो, आणि लहानपणी डोक्यात बसलेली चूक कॉलेजपर्यंत टिकते. पुस्तक हातात घेतलं की मी ठरावीक पानं उघडते.

कोळ्याला कीटक म्हटलंय का? कीटकाला सहा पाय असतात, कोळ्याला आठ. चित्रातले पाय मोजा, चित्रकाराने ते खरंच पाहून काढलेत की नाही हे तिथे कळतं. जिभेचा नकाशा आहे का, म्हणजे टोकाला गोड, मागे कडू? तो नकाशा चुकीचा ठरलेला आहे, सगळ्या चवी जिभेच्या सगळ्या भागांना कळतात. माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो असं कुठे छापलेलं असेल तर पुस्तक परत फडताळात ठेवा. हृदय अगदी डाव्या कुशीत काढलंय का? ते छातीच्या मध्यात असतं, किंचित डावीकडे कललेलं. अशुद्ध रक्त निळ्या रंगात दाखवण्याची पद्धत आहे, ती ठीक, पण 'हा रंग फक्त ओळखण्यासाठी' असं कुठेतरी लिहिलेलं असावं. प्रत्यक्षात ते गडद लालच असतं. झाड मुळांतून अन्न घेतं असं लिहिलेलं असेल तर तेही चूक. मुळांतून पाणी आणि क्षार येतात, अन्न पानात तयार होतं.

आपल्याकडच्या समजुतीही तपासा. नागपंचमीच्या गोष्टीत साप दूध पितो. गोष्ट म्हणून ती सांगावी, पण माहितीच्या पुस्तकात तसं असू नये, कारण दूध हे सापाचं अन्न नाही. घरातली पाल विषारी नसते, हेही पुष्कळ मोठ्यांना माहीत नसतं.

एक अडचण खास मराठीची आहे. रेशीमकिडा स्वतःभोवती धागा गुंडाळून जे घर करतो त्याला आपण कोष म्हणतो आणि फुलपाखराच्या अळीची जी गुळगुळीत, टणक अवस्था असते तिलाही कोषच म्हणतो. एकच शब्द असल्यामुळे चित्रकार फुलपाखराच्या अळीलाही रेशमात गुंडाळून मोकळे होतात. शब्द सांभाळून घेता येतो, चित्र मात्र बरोबरच हवं.

आणखी एक बघा : चित्रांतली मुलं आपल्यासारखी दिसतात का, झाडं आपल्याकडची आहेत का? बर्फातल्या प्राण्यांचं पुस्तक घेऊ नये असं मी अजिबात म्हणत नाही, मुलांना ध्रुवावरचं अस्वल आवडतंच. पण ज्या मुलाने ध्रुवावरचं अस्वल ओळखलं त्याला साळुंकी आणि बुलबुल यांतला फरक कळत नसेल, तर पुस्तकांची निवड एकाच बाजूला झुकली आहे.

चौथी पायरी : वाचायचं कसं

पहिल्या पानापासून सुरू करायची गरज नाही. वहीतला प्रश्न घ्या, अनुक्रमणिकेत मुलाबरोबर पान शोधा. हे शोधणंच अर्धं शिक्षण आहे. एका बैठकीत एकच पान पुरे. वाचण्याआधी "तुला काय वाटतं?" असं जरूर विचारा आणि उत्तर कितीही चुकीचं असलं तरी हसू नका. वाचून झाल्यावर 'आता सांग बघू' अशी परीक्षा घेऊ नका. मुलं ती लगेच ओळखतात आणि पुस्तकापासून लांब जातात.

शब्दांचं काय करायचं? यकृत म्हणायचं की लिव्हर, मूत्रपिंड की किडनी? दोन्ही म्हणा. मराठी शब्द आधी, आणि त्याची ओळख घरातल्या भाषेशी जोडून. 'काळीज धडधडलं' म्हणताना आपल्याला हृदय अभिप्रेत असतं, पण मटणाच्या दुकानात काळीज मागितलं तर यकृत मिळतं, ही गंमत आठ वर्षांच्या मुलाला सांगितली की यकृत हा शब्द तो विसरत नाही. 'पोट' या शब्दाकडेही लक्ष द्या. आपण छातीच्या खालच्या सगळ्या भागाला पोट म्हणतो. त्यात जठर नेमकं कुठे आहे हे बोट ठेवून दाखवा : वरच्या बाजूला, डावीकडे, बरगड्यांच्या आडोशाला. मूल 'पोट दुखतंय' म्हणेल तेव्हा नेमकी जागा दाखवू शकेल आणि डॉक्टरांनाही त्याचा उपयोग होईल.

पाचवी पायरी : पान उघडं ठेवा आणि खरी वस्तू बघा

पचनसंस्थेच्या पानावर आतड्याचं गुंडाळं असतं. मोठ्या माणसाचं लहान आतडं सुमारे ६ मीटर लांब असतं हे वाचून मुलाच्या मनात काहीच उमटत नाही, कारण ६ मीटर म्हणजे किती हेच त्याला दिसत नाही. आजीची नऊवारी साडी मागून घ्या. नऊ वार म्हणजे ८ मीटरहून थोडं जास्त. ती दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत पसरा आणि कपड्यांचे चिमटे लावत चला. पहिली वीतभर अन्ननलिका, पुढची वीतभर जठर, मग ६ मीटर लहान आतडं, शेवटी दीड मीटर मोठं आतडं. साडी जवळजवळ संपते. आता तीच साडी घडी न घालता दोन्ही हातांनी कोंबून छोट्या उशीच्या अभ्र्यात भरायला सांगा. पोटात एवढं सगळं कसं मावतं, हे पुन्हा समजावून सांगावं लागत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी एकाने विचारलं होतं, "मग घास या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला किती वेळ लागतो?" साधारण एक ते तीन दिवस. त्या आठवड्यात मक्याचं कणीस खाल्लं तर मुलं स्वतःच हिशेब ठेवतात, कारण दाण्याचं साल न पचता बाहेर पडतं.

हृदयासाठी वहीचा कागद गुंडाळून नळी करा आणि एकमेकांच्या छातीला लावून ऐका. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरने असाच कागद गुंडाळून एका रुग्णाचं हृदय ऐकलं आणि त्यातून पुढे स्टेथोस्कोप आला, हे त्याच वेळी सांगा. मग मनगटावरची नाडी एक मिनिट मोजा, वीस उड्या मारा, पुन्हा मोजा. मोठ्या माणसाची स्वस्थ बसलेली असतानाची नाडी मिनिटाला ६० ते १०० असते, लहान मुलांची त्याहून जलद. पुस्तकातला आकडा आणि आपला आकडा शेजारी-शेजारी लिहा.

झाडं आणि किडे यांच्यासाठी कढीपत्त्याची एक कुंडी पुरेशी आहे. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर काळ्या-पिवळ्या रंगाचं एक फुलपाखरू अंडी घालतं. त्यातून निघालेली अळी सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. पक्ष्यांना फसवायची ही युक्ती मुलांना फार आवडते. पुढे ती हिरवीगार होते आणि डिवचलं की डोक्याजवळून नारिंगी शिंगासारखा उग्र वासाचा अवयव बाहेर काढते. मग ती एका बारीक धाग्याने स्वतःला फांदीला बांधून घेते आणि कोष होतो. इथे पुस्तकातलं कोषाचं चित्र उघडा आणि मुलालाच ठरवू द्या, पुस्तक बरोबर आहे की नाही. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत तीन-चार आठवडे जातात. कुंडीवर औषध फवारू नका आणि कढीपत्ता फोडणीला दुसरीकडून आणा. एक गोष्ट आधीच सांगून ठेवा : मधेच एखादा पक्षी अळी खाऊन जाऊ शकतो. तसं झालं तर मूल रडेल. रडू द्या, आणि त्या पक्ष्याच्या पिल्लांविषयीही बोला.

कुंडी नसेल तर मटकी आहेच. अर्धी वाटी उजेडात, अर्धी कपाटात अंधारात. मोड दोन्हींना येतात. का, हे पुस्तकात शोधा.

सहावी पायरी : आजारपण आणि सुई

"जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील" हे वाक्य आजपासून घरात बंद करा. या एका धमकीने आरोग्याच्या दहा पुस्तकांचं काम पुसलं जातं. लस घ्यायला जाण्याच्या आदल्या दिवशी पांढऱ्या पेशींचं पान काढा. शरीराला शत्रूची आधीच ओळख करून देतात, म्हणजे तो खरोखर आला तर पेशी तयार असतात, इतकं चार वर्षांच्या मुलाला समजतं. दुखेल का, असं त्याने विचारलं तर "हो, थोडा वेळ दुखेल" असंच सांगा.

अंगात ताप असताना मात्र शिकवायला बसू नका. तेव्हा मांडीवर घेऊन आवडीची गोष्ट वाचा. ताप उतरल्यावर चार दिवसांनी 'तेव्हा आत काय चाललं होतं' हे पान उघडा. आणि पुस्तक वाचून घरीच औषध ठरवायचं नसतं, हे मोठ्या मुलांना स्पष्ट सांगा.

सातवी पायरी : ज्या पानांवर आपण अडखळतो

पचनसंस्था नीट समजलेल्या सहा वर्षांच्या मुलीने मला विचारलं, "बाळ आईच्या पोटात असतं, मग ते पचत कसं नाही?" तिचं तर्कशास्त्र बिनचूक होतं, चूक आपल्या शब्दाची होती. बाळ जठरात नसतं, गर्भाशय नावाच्या वेगळ्या पिशवीत असतं, हे सांगितल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. मुलं विचारतात तेवढ्याचंच खरं उत्तर द्या. पुढचं ती पुढे विचारतील.

शरीराच्या सगळ्या भागांना नावं आहेत आणि ती मुलांना माहीत असावीत, शिश्न आणि योनी हेही शब्द नाक-कान म्हणावं तितक्या सहज आवाजात. ज्या मुलाकडे शब्द असतो ते मूल नको असलेल्या स्पर्शाविषयी कोणाला तरी नीट सांगू शकतं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक त्याच पानावर पेन्सिलने लिहून ठेवा.

पाळीविषयीचं पुस्तक पाळी सुरू झाल्यावर देऊन उपयोग नाही. आठव्या-नवव्या वर्षी ते घरात दिसायला हवं, मुलग्यांनाही. 'कावळा शिवला' म्हणून आमच्या लहानपणी वेळ मारून नेली गेली आणि आम्ही पुढची कितीतरी वर्षं घाबरून काढली. आजी घरात असेल तर तिलाही वाचायला बसवा. माझा अनुभव असा की आज्या आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त मोकळं बोलतात, फक्त त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

आठवी पायरी : नऊ वर्षांनंतर, माणसांच्या गोष्टी

या वयात नुसती माहिती कंटाळवाणी होते. हे माणसाला कळलं कसं, यात रस येतो. १८२२ मध्ये अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठराचं भोक बुजलं नाही. विल्यम ब्यूमाँट या डॉक्टरने रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले आणि पचन होताना पाहिलं. मुलं श्वास रोखून ऐकतात. मग विचारा : त्या तरुणाला हे चाललं असेल का? रुग्णाच्या संमतीवर दहा वर्षांची मुलं किती गंभीरपणे बोलतात ते ऐका.

आपल्या जवळची गोष्ट प्लेगची. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी तिथेच लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा त्याच रोगाने अंत झाला. शाळेतल्या चरित्रात मुलांनी हे वाक्य वाचलेलं असतं, पण प्लेगचा जंतू, उंदीर आणि पिसू यांचं पान शेजारी ठेवून वाचलं की त्या काय पत्करून उभ्या होत्या ते कळतं. त्याच वर्षी २० ऑगस्टला सिकंदराबादमध्ये रोनाल्ड रॉस या डॉक्टरांना डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी सापडला. एकाच वर्षातल्या या तीन तारखा भिंतीवरच्या एका पट्टीवर लिहायला द्या.

आणि मग मुलांना घरात कामाला लावा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा 'कोरडा दिवस' पाळायचा असतो, म्हणजे साठलेलं पाणी ओतून सगळं कोरडं करायचं असतं. कुंडीखालच्या ताटल्या, कूलर, फ्रिजमागचा ट्रे तपासण्याचं काम मुलांकडे सोपवा. बॅटरी घेऊन अळ्या शोधायला सांगितलं तर ती तुमच्यापेक्षा काटेकोरपणे तपासतात.

पुढचं पान कधी उघडायचं

ऋतूच्या मागे चला. जून-जुलैत बेडूक, गांडूळ आणि डास. पावसाळा सरताना फुलपाखरं आणि कोळ्यांची जाळी. थंडीत फुटलेले ओठ आणि त्वचेचं पान, शिवाय ठाण्याच्या खाडीत आणि उजनीच्या पाण्यावर उतरणारे रोहित पक्षी. मे महिन्यात राज्यफूल ताम्हण फुलतं, आणि घाम का येतो हा प्रश्न कोणी विचारायची वाट बघावी लागत नाही.

वहीतले सगळे प्रश्न पुस्तकात सापडणार नाहीत. तसे प्रश्न वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवा आणि महिन्यातून एकदा ते पान मुलाबरोबर वाचा. भाचीच्या वहीत मागच्या पानावर सध्या चार प्रश्न आहेत. सगळ्यात वरचा आहे : "मुंग्या समोरासमोर आल्या की थांबून काय बोलतात?" रविवारी आम्ही साखरेचे चार दाणे आणि भिंग घेऊन बसणार आहोत.